कंबोडियाची साखर आणि युरोपची छडी

आपल्याकडे साखर म्हटलं की कारखान्याचा चेअरमन, उसाचा दर आणि थकलेली बिलं आठवतात. कंबोडियात कोह काँग प्रांतातल्या शेतकऱ्याला २००६ साली शेतात घुसलेले बुलडोझर आठवतात.

युरोपीय संघाने २००१ मध्ये सर्वांत गरीब देशांसाठी एक सवलत आणली: शस्त्रं-दारूगोळा सोडून काहीही पाठवा, आयातशुल्क शून्य. साखर टप्प्याटप्प्याने त्यात येणार होती. मग कंबोडिया सरकारने उसासाठी हजारो एकर जमीन कंपन्यांना भाडेपट्ट्याने दिली आणि कसणाऱ्यांना उठवलं. कोह काँगचे गावकरी २०१३ मध्ये ती साखर घेणाऱ्या ब्रिटिश कंपनीविरुद्ध थेट लंडनच्या कोर्टात गेले. गरिबांसाठी काढलेली सवलत गरिबाच्याच बांधावर नांगर घेऊन आली.

म्हणून 'व्यापारात मानवाधिकार घुसडू नका' हा आपल्या सरकारांचा जुना सूर मला पटत नाही. शुल्क माफ करणाऱ्याने चार प्रश्न विचारले तर काय चुकलं? माझं भांडण सवलत काढून घेण्याची छडी कुणाच्या पाठीत बसते याच्याशी आहे.

नोव्हेंबर २०१७ मध्ये कंबोडियाच्या सर्वोच्च न्यायालयाने मुख्य विरोधी पक्षच बरखास्त केला. पुढच्या वर्षी पंतप्रधान हुन सेन यांच्या पक्षाने संसदेच्या १२५ पैकी १२५ जागा जिंकल्या. (आपल्याकडच्या बिनविरोध ग्रामपंचायतींनीही लाजावं.) युरोपने चौकशी, पत्रव्यवहार, इशारे सगळं केलं आणि १२ ऑगस्ट २०२० पासून साधारण पाचव्या हिश्श्याच्या मालावरची सवलत काढली. साखर, प्रवासी बॅगा, काही कपडे, काही पादत्राणं. तेव्हा कोविडने ऑर्डरी आधीच आटल्या होत्या. शिलाई मशीनवर बसणाऱ्या बहुतेक बायका, गावी पैसे पाठवणाऱ्या. त्यांनी कुठला पक्ष बरखास्त केला होता? हुन सेन यांचं काही बिघडलं नाही. मार्च २०२३ मध्ये विरोधी नेते केम सोखा यांना देशद्रोहाबद्दल २७ वर्षांची शिक्षा झाली आणि ऑगस्टमध्ये हुन सेन यांचा मुलगा पंतप्रधान झाला.

बांगलादेशातही तेच. एप्रिल २०१३ मध्ये राणा प्लाझा कोसळून अकराशेहून जास्त माणसं गेली. अमेरिकेने बांगलादेशी मालाला दिलेली आयातशुल्काची सवलत जूनमध्ये थांबवली, पण त्या सवलतीत तयार कपडे जवळजवळ नव्हतेच! गिरण्यांच्या भिंती दुरुस्त झाल्या त्या वेगळ्याच कारणाने. कामगार संघटना आणि कपडे विकत घेणाऱ्या मोठ्या ब्रँडांनी त्याच वर्षी कायद्याने बांधील असा करार केला. त्यातून इमारतींची तपासणी झाली आणि अहवाल जाहीर झाले. दुरुस्तीला नकार देणाऱ्या कारखान्याशी धंदा बंद, अशी अट होती. वेसण घातली ती खरेदीदाराला.

भारताचं उदाहरण मुद्दाम वेगळं ठेवतो. ५ जून २०१९ पासून अमेरिकेने भारताला दिलेली तशीच सवलत काढली, पण त्यात हक्काबिक्कांचा संबंध नव्हता. त्यांना आपली बाजारपेठ मोकळी हवी होती, आणि हृदयाच्या स्टेंटवर आपण घातलेली किंमतमर्यादाही त्यांना खुपत होती. सवलत शेवटी देणाऱ्याची मर्जी असते, हे विसरून चालत नाही.

मी युरोपच्या जागी असतो तर शिलाईला हात लावला नसता. बळकावलेल्या जमिनीवरच्या उसाची साखर पहिल्याच तक्रारीला बंदरावर अडवली असती आणि ती घेणाऱ्या कंपनीकडून गावकऱ्यांची भरपाई वसूल केली असती. साखर २०२० च्या यादीत आली खरी, पण कोह काँगच्या बुलडोझरला तेव्हा चौदा वर्षं झाली होती.