छत्री भंगारात देण्याआधी

ठाणे-नवी मुंबईच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: नोआचे (अमेरिकेच्या हवामान संस्थेचे) उपग्रह बंद झाले, त्यामुळे घरी हवामानाची चित्रं उतरवणं संपलं. उरलेल्या उपग्रहांना दोन मीटरची डिश लागते. इथल्या मोबाईल टॉवरच्या गोंगाटात आणि पावसाळ्यात तीही चालत नाही. रेडिओ खगोलशास्त्र तर खोडदच्या जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीचं काम, गच्चीवरच्या छत्रीचं नव्हे. तेव्हा जुनी डीटीएच छत्री भंगारवाल्याला द्या.

पहिल्या वाक्याचा पूर्वार्ध खरा आहे. 2025 मध्ये 6 जूनला नोआ-18, 13 ऑगस्टला नोआ-19 आणि 19 ऑगस्टला नोआ-15 बंद केले गेले. त्या अ‍ॅनालॉग चित्राची सोय होती ती अशी, की सिग्नल मेटाकुटीला आला तरी रेघारेघांचं का होईना, चित्र यायचं. पण त्याच 137 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात रशियाचा मेटिओर-एम 2-4 आहे. त्याचं चित्र चार नव्हे, एक किलोमीटर बारकाव्याचं. अँटेना पूर्वीचीच: 53.4 सेंटिमीटरच्या दोन अ‍ॅल्युमिनियमच्या कांड्या, मध्ये 120 अंशांचा कोन, दोन्ही आडव्या, उघडं तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला. लॅपटॉपला आरटीएल-एसडीआर डोंगल (पेन ड्राइव्हएवढा रेडिओ रिसीव्हर) लावायचं, सॅटडंप या सॉफ्टवेअरमध्ये एलआरपीटी हा मेटिओरच्या चित्रांचा प्रकार निवडायचा आणि 137.9 वर ऐकायचं. तिथे काही नसेल तर 137.1 पाहायचं. हे प्रक्षेपण डिजिटल आहे. सिग्नल एका पातळीखाली गेला की रेघा येत नाहीत, थेट काळा पट्टा येतो. म्हणून सुरुवातीला उपग्रह क्षितिजापासून 40 अंशांहून वर चढतो त्या फेऱ्याच घ्या. मेटिओर-एम 2-3 वर सराव करू नका; त्याची या पट्ट्यातली अँटेना नीट उघडलेली नाही.

आता दोन मीटरची डिश. 1700 मेगाहर्ट्झच्या आसपास मेटिओर आणि युरोपचे मेटॉप उपग्रह पूर्ण बारकाव्याची चित्रं पाठवतात. त्यांना 80 सेंटिमीटरची छत्री पुरते. इतकी लहान असल्यामुळे तिचा झोत, म्हणजे ती एका वेळी बघते तो आकाशाचा तुकडा, सुमारे 15 अंशांचा असतो, आणि म्हणूनच ती हातात धरून उपग्रहामागे फिरवता येते. दोन मीटरच्या डिशचा झोत सहा अंशांचा. तिला मोटार लागेल.

छत्रीच्या दांड्यावरचा एलएनबी (डीटीएचचा सिग्नल घेणारा डबीसारखा भाग) काढून त्या जागी तांब्याच्या 2 ते 2.5 मिलिमीटर जाड तारेचं स्प्रिंगसारखं वेटोळं बसवायचं: व्यास 5.6 सेंटिमीटर, साडेतीन ते साडेपाच वेढे, दोन वेढ्यांत साधारण 3.5 ते 4 सेंटिमीटर, मागे पत्र्याची 14-15 सेंटिमीटरची थाळी. वेढे साध्या स्क्रूच्या आट्यांच्या उलट दिशेने हवेत. उपग्रहाची लहर गोल फिरत येते; ती उजवी असते, छत्रीवर आपटून डावी होते. इथे बहुतेकांचं चुकतं: वेटोळं देखणं होतं, सिग्नल मात्र शून्य. दुसरी चूक नेम धरण्यातली. डीटीएचची छत्री ऑफसेट असते, म्हणजे तिचं तोंड जिकडे दिसतं त्याच्या 20-25 अंश वर ती पाहत असते. मेटिओरला साधं डोंगल चालतं. मेटॉपचा सिग्नल त्याच्या रुंदीत मावत नाही, त्याला सहा मेगाहर्ट्झपर्यंत घेणारा रिसीव्हर हवा.

फिरवाफिरवी नको असेल तर कोरियाचा हवामान उपग्रह जीके-2ए आकाशात एका जागी आहे. ठाण्याहून तो जवळपास पूर्वेला, दिगंश (उत्तरेपासून पूर्वेकडे मोजलेला कोन) 103, उंची 25 अंश. समोर इमारत नसलेली पूर्वेची गॅलरी चालते. त्याची लहर गोल न फिरता सरळ असल्याने वेटोळ्यात अर्धा सिग्नल जातो, तिथे डब्याचा फीड (छत्रीसमोर सिग्नल झेलणारा भाग) बरा. भारत चित्राच्या पश्चिम कडेला दबलेला दिसतो, हेही आधीच सांगितलेलं बरं.

टॉवरच्या गोंगाटाचा मुद्दा अर्धा खरा आहे, आणि त्यावर इलाजही आहे. 1805 मेगाहर्ट्झपासून मोबाईलचं प्रक्षेपण सुरू होतं, म्हणजे आपल्या कामाच्या अगदी शेजारी. घोडबंदर रोडवर समोरच्याच गच्चीवर टॉवर असेल तर उघडा अ‍ॅम्प्लिफायर गुदमरतो. गेन (सिग्नल वाढवण्याची पातळी) वाढवल्यावर सिग्नल न वाढता नसलेल्या जागी भुतासारखे सिग्नल उगवू लागले, तर रोग हाच. त्यावर सॉ फिल्टर (शेजारच्या फ्रिक्वेन्सी अडवणारी चाळणी) असलेला एलएनए, म्हणजे कमी गोंगाटाचा अ‍ॅम्प्लिफायर, लावायचा, आणि तो फीडलाच, खिडकीतल्या टोकाला नव्हे. दहा मीटर आरजी-6 केबलमध्ये या फ्रिक्वेन्सीला साधारण 3 डेसिबल, म्हणजे निम्मी शक्ती जाते. एलएनएच्या आधी गेलेलं पुढे कितीही वाढवलं तरी परत येत नाही. छत्री लहान म्हणून सोडून दिलेले कित्येक प्रयत्न खरं तर या दहा मीटरांत बुडालेले असतात. 137 वर मात्र शत्रू घरातच असतो: एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, चार्जर, लिफ्टची मोटार. लॅपटॉप बॅटरीवर ठेवून घराचा मेन स्विच पाडून पाहा, लगेच कळतं.

पावसात डीटीएच जातं कारण तिथली लहर अडीच सेंटिमीटरची आहे. साडेसतरा सेंटिमीटरच्या लहरीला पाऊस जाणवतही नाही. कनेक्टरमध्ये शिरलेलं पाणी मात्र जाणवतं. रबरी टेप गुंडाळा आणि केबलला खाली झोल द्या.

राहिलं रेडिओ खगोलशास्त्र. ते मोठ्या डिशशिवाय होत नाही असं निदान ठाणे जिल्ह्यात तरी कुणी म्हणू नये. 1965 मध्ये गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कल्याणला उभारलेली दुर्बीण 1.8 मीटरच्या 32 डिशची होती. ऑस्ट्रेलियातून आलेल्या त्या डिशनी सूर्याचा अभ्यास झाला. खोडदच्या 45 मीटरच्या 30 डिश फार नंतरच्या.

आकाशगंगेतल्या हायड्रोजनची 1420.4 मेगाहर्ट्झची रेषा पाहायला डिशचा आकार जवळपास बिनमहत्त्वाचा आहे. हा हायड्रोजन छत्रीचा सगळा झोत भरून टाकतो. मोठी डिश आकाशाचा लहान तुकडा बघते, पण त्या तुकड्याचं रेडिओ तापमान (केल्विनमध्ये मोजलेली सिग्नलची ताकद) तेवढंच असतं. यंत्रणेचा स्वतःचा गोंगाट 150 केल्विन धरा, 5 किलोहर्ट्झचा कप्पा एक मिनिट मोजा: चढउतार पाव केल्विनच्या आसपास येतो. आकाशगंगेच्या पट्ट्यात सिग्नल दहा केल्विनच्या कित्येक पट असतो. तो दिसणारच.

फीडसाठी 15 सेंटिमीटर व्यासाचा, 28 सेंटिमीटर लांब पत्र्याचा डबा, तळापासून 9.3 सेंटिमीटरवर 5 सेंटिमीटरची तांब्याची काडी, तिला चिकटून 1420 चा फिल्टरवाला एलएनए. 1400 ते 1427 हा पट्टा जगभर खगोलशास्त्रासाठी राखीव आहे, त्यामुळे टॉवरचा जाच इथे कमी. आधी तोंड भिंतीकडे, मग मोकळ्या आकाशाकडे करा. 3 डेसिबलहून कमी फरक पडला तर जोडण्या तपासा. ऑक्टोबरमध्ये संध्याकाळी साडेसात-आठला हंस तारकासमूह उत्तरेला 65-70 अंशांवर असतो, नेम तिथे. डोंगलचा स्वतःचा उंचवटा जाण्यासाठी आकाशगंगेपासून दूरच्या आकाशाचं एक मोजमाप घेऊन त्याने भागा, आणि मध्यबिंदू 1420.4 वर ठेवू नका. तिथे डोंगलचा स्वतःचाच काटा उभा असतो. रेषा जितकी सरकेल तितका वेग: 4.74 किलोहर्ट्झला सेकंदाला एक किलोमीटर. पल्सार (ठराविक लयीत रेडिओ ठोके देणारे तारे) या छत्रीत दिसणार नाहीत, सर्पिल भुजांचा बारीक नकाशाही नाही.

काढलेला एलएनबीही ठेवा. मार्च आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीच्या पंधरवड्यात दुपारी काही मिनिटं टीव्हीचं चित्र फुटतं, ते उपग्रहामागे सूर्य आल्यामुळे. छत्रीने सूर्य ऐकलेला असतो. मुद्दाम ऐकायचा तर एलएनबी परत बसवून सॅट फाइंडर (सिग्नलची ताकद दाखवणारा मीटर) जोडा आणि छत्रीवर आरशाचे दोन-तीन छोटे तुकडे चिकटवा. कवडसे एलएनबीच्या तोंडावर पडले की नेम लागला. जास्त आरसे लावले तर प्लास्टिक वितळेल. छत्री स्थिर ठेवली तर काटा दहा-बारा मिनिटांत चढून उतरतो. एलएनबीला जाणारे 13 किंवा 18 व्होल्ट डोंगलपर्यंत पोचू देऊ नका, मध्ये डीसी ब्लॉक (सिग्नल जाऊ देऊन वीज अडवणारा जोड) घाला. नाहीतर डोंगल पहिल्याच दुपारी जळेल.