फुकट विजेचा दावा नाहीये तो: एका प्रतिक्रियेला उत्तर

तुम्ही लिहिलंय की हवेतल्या रेडिओ लहरींवर वीज ही निव्वळ थाप आहे, त्यावर मोबाईल सोडा, साधा बल्बसुद्धा पेटणार नाही, लोकांना उगाच नादी लावू नका. तुमचा राग पटतो हो, तांब्याची तार गुंडाळून बल्ब पेटवणारे खोटे व्हिडिओ बघून माझंही डोकं फिरतं. पण मी मोबाईल चार्ज होईल असं म्हटलेलंच नाही. मी म्हटलं होतं ते एवढंच, की कागदावर छापलेल्या अँटेनानं हवेतल्या रेडिओ लहरी पकडून छोटा सेन्सर बिनसेलचा चालवता येतो.

गणित करूनच बघा ना. २००९ मध्ये सिएटलला इंटेलच्या संशोधकांनी ४ किलोमीटरवरच्या टीव्ही टॉवरकडे अँटेना रोखला, तर मिळाले ६० मायक्रोवॅट (एक मायक्रोवॅट म्हणजे वॅटचा दहा लाखावा भाग). मोबाईलची १५ वॅट-अवरची बॅटरी यावर भरायला २८ वर्षं लागतील! पण तेवढ्यावरच त्यांचा तापमान आणि आर्द्रता दाखवणारा डिस्प्लेवाला मीटर सेल न घालता चालला, आणि माझा सगळा मुद्दा हाच आहे. सेन्सरला सतत वीज लागतच नाही, कपॅसिटरमध्ये थोडी थोडी साठत राहते, पुरेशी झाली की चिप जागी होते, रीडिंग घेते, पाठवते आणि परत झोपते.

आता छपाईचं. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या मॅनोस टेंट्झेरिस यांच्या टीमनं चांदीचे नॅनोकण असलेली शाई वापरून इंकजेटनं कागदावर अँटेना छापले, आणि २०११ मध्ये अर्ध्या किलोमीटरवरच्या टीव्ही स्टेशनच्या सिग्नलवर तापमानाचा सेन्सर चालवून दाखवला. नेहमीच्या सर्किट बोर्डात आधी तांब्याचा अख्खा थर द्यायचा आणि मग नको तो केमिकलनं काढून टाकायचा, इथे लागेल तिथेच शाई पडते, म्हणून स्वस्त.

खरी अडचण डायोडची आहे, म्हणजे अँटेनात येणारी उलटसुलट वीज एकाच दिशेला वळवणाऱ्या भागाची. सिग्नल इतका क्षीण असतो की कमी व्होल्टेजवर ऑन होणारा चांगला शॉट्की डायोड लावला तरी तो नीट ऑनच होत नाही, आलेल्यातली बरीचशी ऊर्जा तिथेच वाया जाते. यावर बोट ठेवलं असतंत तर मी लगेच मान डोलावली असती.

शिवाय आपल्याकडे टीव्हीचा आधारही गेलाय, दूरदर्शनचे बहुतेक ॲनालॉग ट्रान्समीटर २०२२ पर्यंत बंद झाले. एफएम आहे, पण तिची लहर ३ मीटरची, म्हणजे अर्ध्या लहरीचा अँटेना दीड मीटर, तो छोट्याशा लेबलवर मावणार कसा? उरले मोबाईल टॉवर. त्यांना अँटेना तळहाताएवढा पुरतो पण टॉवरपासून लांब गेलं की हाती फारसं काही लागत नाही, त्यामुळे आडरानातल्या शेतात हे लावा असं मी कुणालाच सांगणार नाही. शहरातल्या पुलाखाली मात्र, जिथे टॉवर जवळ आहे आणि सेल बदलायला माणूस चढवणं सेलपेक्षा कितीतरी महाग पडतं, तिथे हे करून बघायलाच हवं असं मला मनापासून वाटतं.