‘खांब बारीक आहे, वारा बाजूने निघून जातो’: या मजकुराचा समाचार

“दिव्याच्या खांबांना वाऱ्याच्या भाराची गणितं लावणं म्हणजे कागदी घोडे नाचवणं.” अशी सुरुवात असलेला एक मजकूर ठेकेदारांच्या आणि साइट सांभाळणाऱ्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: खांब बारीक असतो, त्याला वारा लागतोच किती? आता तर एलईडी दिवे आले, ते आणखी हलके. बनवणारा खांबावर ‘ताशी १८० किमी’ लिहून देतो, मग वेगळं गणित कशाला? जुने खांब गणिताशिवाय वीस वीस वर्षं उभे आहेत. पडलाच तर वादळात पडेल, आणि वादळात झाडंही पडतात. शेवटी, बिल्डिंग कोड बिल्डिंगसाठी असतो, खांबासाठी नाही.

मजकूर लिहिणाऱ्याने साइट पाहिलेली आहे हे उघड आहे, म्हणूनच तो पटतो. पण त्यातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा अर्ध्यावर सोडलेला आहे.

बारीकपणापासून सुरुवात करू, कारण खरी गोम तिथेच आहे. ९ मीटरचा अष्टकोनी पोल घ्या, खाली १५५ मिमी, वर ७० मिमी, पत्रा ३ मिमी. बाजारात सर्रास मिळणारा माल. वाऱ्यासमोर त्याचं क्षेत्रफळ जेमतेम १ चौरस मीटर भरतं. एका दाराएवढंही नाही, हे खरं. आता वारा सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी साधारण १५८ किमी धरा. हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. भारतीय मानक आयएस ८७५ च्या भाग ३ मधलं सूत्र अगदी सरळ आहे: ०.६ गुणिले वेगाचा वर्ग. उत्तर येतं चौरस मीटरला सुमारे ११६० न्यूटन. अष्टकोनी आकाराचा ड्रॅग गुणांक, म्हणजे तो आकार वाऱ्याला किती अडवतो त्याचा आकडा, १.२ धरला, तर पोलवरचा एकूण जोर १४०० न्यूटनच्या आसपास जातो, म्हणजे साधारण १४० किलोचं वजन आडवं लावल्यासारखा.

१४० किलो ऐकून कुणी घाबरणार नाही, आणि मजकूर लिहिणारा इथेच थांबतो. पण हा जोर जमिनीलगत लागत नाही, तो सरासरी चार मीटर उंचीवर लागतो. बुंध्याशी येणारा मोमेंट, म्हणजे जोर गुणिले उंची अशी वाकवणारी ताकद, झाला साडेपाच किलोन्यूटन-मीटर. वर दोन दिवे बसवा, दोघांचं मिळून प्रभावी क्षेत्रफळ, म्हणजे ड्रॅग गुणांक धरून आलेलं, ०.३ चौरस मीटर. आकाराने किरकोळ, पण बसलेत ९ मीटरवर. त्यांचे आणखी तीन. म्हणजे साडेआठच्या पुढे गेलोच. बेसप्लेटला चार बोल्ट २५० मिमी व्यासाच्या वर्तुळावर असतील आणि वारा कर्णाच्या दिशेने आला, तर एका बोल्टवर जवळजवळ साडेतीन टन ओढ येते. वारा दिशा विचारून येत नाही, त्यामुळे कर्णाची दिशा धरावीच लागते.

बरं, हा पोल एवढं सहन करतो. बुंध्याशी ताण १६० मेगापास्कलच्या आत राहतो आणि ३५५ मेगापास्कलपर्यंत टिकणाऱ्या पोलादाला ते सहज झेपतं. मग कुणीतरी मध्यावर एक बॅनर लावतो. ६० सेंटिमीटर रुंद, दीड मीटर उंच, साडेपाच मीटरवर, वर-खाली दोन दांड्यांत ताणून बसवलेला. क्षेत्रफळ ०.९ चौरस मीटर, म्हणजे जवळपास अख्ख्या पोलाएवढं. त्या एका कापडाने बुंध्याशी जवळजवळ ७ किलोन्यूटन-मीटरची भर पडते, म्हणजे पोलाच्या स्वतःच्या भारापेक्षा जास्त. ताण २७५ च्या पुढे जातो. त्याला १.५ चा भारगुणक, म्हणजे सुरक्षेसाठी भार वाढवून धरण्याचा आकडा, लावला की ३५५ ची मर्यादा ओलांडलीच. आणि हे वायरिंगच्या झाकणासाठी बुंध्याजवळ कापलेलं भोक न धरता. बॅनरच्या जागी सोलर पॅनल किंवा कॅमेऱ्याची पेटी ठेवा, गोष्ट तीच. खांब बारीकच असतो, पण नंतर त्याच्या गळ्यात काय काय अडकवलं जाईल हे खांब ठरवत नाही.

‘एलईडी हलके’ या मुद्द्यात काही तथ्य आहे. पातळ, कडेला निमुळता एलईडी दिवा जुन्या डबडा दिव्यापेक्षा वाऱ्याला कमी अडवतो. पण तो अडवतो कमी ते त्याच्या आकारामुळे, वजनामुळे नव्हे. वाऱ्याला किलो कळत नाहीत. आश्टो या अमेरिकेतल्या राज्य महामार्ग खात्यांच्या संघटनेच्या नियमांत गोलसर दिव्याचा ड्रॅग गुणांक ०.५ आणि सपाट बाजूंच्या चौकोनी दिव्याचा १.२ धरतात. मागे पंखांसारख्या उभ्या पट्ट्या असलेला रुंद फ्लडलाइट एलईडी असूनही जुन्या दिव्याच्या वरताण भार आणू शकतो. डेटाशीटमध्ये वजनाच्या ओळीखाली प्रभावी क्षेत्रफळाची ओळ असते. बघायची ती. ती ओळ नसेल तर दिवा देणाऱ्याकडून लेखी मागून घ्यायची.

आता तो १८० चा आकडा. कोणते १८०? हा प्रश्न खोडसाळ वाटेल, पण यात लाखाचे बारा हजार होऊ शकतात. आयएस ८७५ मधला मूळ वेग हा साधारण ३ सेकंदांच्या झोताचा, जमिनीपासून १० मीटर उंचीवरचा, ५० वर्षांच्या पुनरावृत्तीचा, म्हणजे सरासरी ५० वर्षांतून एकदा गाठला जाणारा, असतो. त्यात ३३ पासून ५५ मीटर प्रति सेकंद असे सहा पट्टे आहेत. युरोपच्या नियमांत मूळ वेग १० मिनिटांच्या सरासरीचा असतो. मोकळ्या जागेत ३ सेकंदांचा झोत त्या सरासरीच्या साधारण १.४ पट भरतो. म्हणजे युरोपीय नकाशावरचे ताशी १२६ किमी आणि झोताच्या भाषेतले १८० हे जवळपास एकाच वाऱ्याचे दोन आकडे झाले. उलट बाजूने चूक केली, तर १८० च्या झोतासाठी बनवलेला पोल १८० ची सरासरी असलेल्या जागी उभा राहतो आणि त्याच्यावर जवळजवळ दुप्पट दाब येतो.

अमेरिकेत तर एकाच नियमावलीत असं घडलं. एएससीई ७ या तिथल्या सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेच्या भार-नियमावलीच्या २००५ च्या आवृत्तीत देशाच्या मोठ्या भागासाठी ताशी ९० मैल होते, २०१० च्या आवृत्तीत त्याच भागात सामान्य इमारतींसाठी ११५ झाले. किलोमीटरमध्ये १४५ चे १८५. वारा वाढला नव्हता. आधी ५० वर्षांच्या वेगावर १.६ चा गुणक वेगळा लावत, नंतर तो गुणक नकाशातच मुरवला आणि बाहेर १.० ठेवला. ९० चा वर्ग गुणिले १.६ आणि ११५ चा वर्ग, दोन्ही करून बघा, १३ हजारांच्या आसपासच येतात. त्यामुळे जुन्या कॅटलॉगमधला ‘९० ला चालतो’ असा पोल नव्या नकाशावर नापास दिसतो, आणि नव्या पद्धतीचे ११५ पाहून जुन्या पद्धतीच्या ११५ ची खात्री धरणारा स्वतःची फसवणूक करून घेतो. आवृत्तीचं वर्ष न लिहिलेला वेग हा माझ्या लेखी कोरा चेक आहे.

शिवाय तो आकडा किती दिव्यांसह? नुसत्या पोलासाठी १८० आणि दोन दिव्यांसह १४० असं पुष्कळदा निघतं, आणि मोठ्या अक्षरात छापतात ते १८०. जागेचा प्रश्न राहतोच. टेकडीच्या माथ्यावर वारा चढून वेग घेतो, त्यासाठी आयएस ८७५ मध्ये गुणक १.३६ पर्यंत जातो. वेगाचा वर्ग होत असल्याने दाब १.८५ पट. पार्किंगच्या गच्चीवर उभा केलेला ६ मीटरचा खांब ६ मीटर उंचीवरचा वारा खात नाही, गच्चीची उंची त्यात मिळवावी लागते. हे विसरणारे मी ड्रॉइंगवर वारंवार बघतो.

वीस वर्षं उभे असलेले खांब काय सिद्ध करतात? ५० वर्षांच्या पुनरावृत्तीचा वेग म्हणजे दरवर्षी तो गाठला जाण्याची शक्यता २ टक्के. वीस वर्षांत एकदाही न गाठला जाण्याची शक्यता ०.९८ चा विसावा घात, म्हणजे सुमारे ६७ टक्के. तीनातल्या दोन जागी त्या खांबाची परीक्षाच झालेली नाही. तो पास झाला असं कसं म्हणायचं? दरम्यान जमिनीलगत गंज चालूच असतो, आतून जास्त, कारण पाणी साचतं तिथेच.

‘पडला तर वादळातच’ हा मुद्दा मला सगळ्यात धोकादायक वाटतो. मंद, एकसारख्या वाऱ्यात खांबाच्या मागे आळीपाळीने दोन्ही बाजूंना भोवरे सुटतात आणि खांब वाऱ्याला काटकोनात थरथरतो. भोवऱ्यांची लय खांबाच्या स्वतःच्या लयीशी जुळली की कंप वाढतो. १५ सेंटिमीटर व्यासाचा गोल खांब घ्या. त्याच्या दुसऱ्या प्रकारच्या कंपाची, म्हणजे शेंडा आणि बुंधा जवळजवळ जागेवर राहून मधला भाग हलतो त्याची, वारंवारता सेकंदाला ६ असेल, तर जुळणारा वारा येतो सेकंदाला ५ मीटरच्या आसपास. ताशी १८ किमी. झाडाची पानं-डहाळ्या हलवणारी झुळूक! जोर कमी, पण फेरे सेकंदाला सहा, तासाला एकवीस हजारांवर. बेसप्लेटच्या वेल्डशी किंवा झाकणाच्या कोपऱ्याशी केसाएवढी भेग पडते ती अशाच दिवसांत, आणि वादळ फक्त शेवटचा धक्का देतं. पुष्कळदा तेवढंही लागत नाही. २००३ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत आयोवा राज्यातल्या सू सिटी इथे महामार्गाकडेचा १४० फुटी हायमास्ट, म्हणजे दिव्यांचा उंच खांब, कोसळला, तो बुंध्याशी पडलेल्या फटीगच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा वाकून धातू थकल्याच्या, भेगांमुळे. वारा त्याच्या डिझाइन वेगापेक्षा बराच कमी होता.

याला जाड पत्रा हा नेहमीच उपाय नसतो. पोलाच्या आत प्लास्टिकच्या नळीत घातलेली साखळी टांगतात, ती आतून आदळून कंप मारते. साधा, जुना इलाज. आणि पोल उभे करून दिवे महिनोन्‌महिने न बसवणं थांबवायला हवं. शेंड्यावरचं वजन नसलं की पोलाची लय बदलते आणि नुसता पोल जास्त थरथरू शकतो, म्हणून तर बनवणारे दिव्याविना उभारू नका असं बजावतात.

राहिला कोडचा मुद्दा, तो तर शीर्षक वाचूनच निकालात निघतो. आयएस ८७५ ‘इमारती आणि संरचनां’साठी आहे, एएससीई ७ ‘इमारती आणि इतर संरचनां’साठी. युरोपात ईएन ४० ही अख्खी मालिकाच दिव्यांच्या खांबांसाठी आहे. उलट याच नियमांत खांबाला सवलतही मिळते, हे मजकूर लिहिणाऱ्याला माहीत असतं तर त्याने ते आधी लिहिलं असतं. पडल्यास कुणाला इजा होण्याची शक्यता कमी अशा संरचनेसाठी आयएस ८७५ मध्ये ५० ऐवजी २५ वर्षांचा कालावधी धरता येतो, आणि एएससीई ७ च्या सर्वात खालच्या जोखीम वर्गात सामान्य इमारतींच्या ७०० ऐवजी ३०० वर्षांच्या पुनरावृत्तीचा वेग चालतो. शेतातल्या एकट्या खांबाला ती घ्यावी. शाळेच्या फाटकाशी उभ्या खांबाला मी देणार नाही.

गणिताच्या नावाखाली गरजेपेक्षा जाड पोल गळ्यात मारले जातात, ही त्या मजकुरामागची खरी चीड असावी, आणि ती रास्त आहे. पण त्यावर उतारा गणितातच आहे. सपाट दिव्याऐवजी गोलसर घ्या, बॅनरच्या दांड्या ठरावीक जोराला सुटणाऱ्या घ्या, नाहीतर ९ मीटरचा पोल ८ वर आणा. पोलाचाच मोमेंट उंचीच्या वर्गाने उतरतो, एका मीटरमागे २० टक्क्यांहून जास्त. मात्र उंची कमी केली की उजेडाचा पसारा आकसतो आणि खांब जवळजवळ रोवावे लागतात, तेव्हा हा सौदा प्रकाशयोजना करणाऱ्याला शेजारी बसवूनच करायचा.