दिवसाच्या चतुःसीमा

माझ्या बायकोचा अंगठा सरकारला ओळखू येईना.

भाडेकरार नोंदवायला एजंट लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठा घ्यायचं काडेपेटीएवढं यंत्र घेऊन रविवारी सकाळी घरी आला होता. उजवा अंगठा झाला, डावा झाला, मग एकेक बोट. यंत्र ढिम्म. "मॅडम, भांडी तुम्हीच घासता ना? रेषा झिजतात," एजंट म्हणाला. बायकोनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. पुढचे अकरा महिने भांडी कोणी घासायची हे त्या क्षणी ठरलं. मुद्रांक नाही, साक्षीदार नाहीत, आणि या सगळ्या प्रकरणात विनातक्रार पाळला गेलेला तो एकच करार. शेवटी एजंटानं सांगितल्याप्रमाणे तिनं अंगठा केसांवर घासला, तेव्हा कुठे हिरवा दिवा लागला.

पुण्यात, सहकारनगरातला जुना दुमजली बंगला. वर मालक काका-काकू, खाली आम्ही भाडेकरू. खरं तर भाडेकरू म्हणायचं नाही. कागदोपत्री आम्ही लायसन्सी. १८८२ च्या सुखाधिकार कायद्याप्रमाणे लायसन्स म्हणजे दुसऱ्याच्या मिळकतीत एरवी केलं तर बेकायदा ठरेल असं काही करण्याची मुभा. म्हणजे मी रात्री पंखा लावून जे घोरतो, ते मुळात बेकायदा असून केवळ काकांच्या मेहेरबानीनं चालू आहे. हे कळल्यापासून झोप जरा हलकीच लागते.

"अकरा महिनेच का हो?" मी एजंटाला विचारलं.

"अकराच असतात, सर."

१९०८ च्या नोंदणी कायद्यात एका वर्षावरचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून जुन्या लोकांनी अकरावर थांबायची युक्ती काढली होती. महाराष्ट्रात आता करार दोन महिन्यांचा केला तरी नोंदवावाच लागतो, म्हणजे युक्तीत काही राम उरलेला नाही. पण अकरा आहेत ते आहेत. एखादं कारण मेलं तरी त्याचं वर्षश्राद्ध आपण इमानानं घालतो, तेही अकराव्या महिन्यात.

इथवर सगळं सुरळीत होतं. एकूण भाड्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क, नोंदणीचे हजार रुपये, एजंटाचे वेगळे. काकांनी सहज विचारलं, "आणि समजा, नोंदवलाच नाही तर?"

एजंटाला आपल्या फीचं समर्थन करायची संधी मिळाली. त्यानं १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ काढलं. नोंदणी करणं मालकाची जबाबदारी. चुकला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. काका हलले नाहीत. "आणि काका, लेखी नोंदवलेला करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं. उलटं सिद्ध करायचं तुम्ही."

काकांचा चेहरा उतरला. "म्हणजे उद्या हे म्हणाले, पाण्याची मोटार बंद करणं मालकाकडे ठरलं होतं, तर ते खरं?"

"तोंडी असेल तर, हो."

काकांची नोकरी एका सरकारी खात्यात टेंडरांच्या अटी लिहिण्यात गेली होती. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी हात शिवशिवत असणार. संध्याकाळी ते फुलस्केप कागदांचा गठ्ठा घेऊन खाली आले. "मुख्य करारात हे बसत नाही. आपलं आपसात राहू दे. तोंडी काही ठेवायला नको."

शीर्षक होतं, 'परिशिष्ट: दिनचर्या'. सुरुवात रीतसर: लिहून देणार अमुक, लिहून घेणार तमुक, कारणे करारनामा लिहून ठेवतो ऐसाजे. आणि त्याखाली, जमिनीच्या दस्तात असतात तशा, चतुःसीमा. फक्त जमिनीच्या नव्हेत, दिवसाच्या.

'येणेप्रमाणे दिवसाच्या चतुःसीमा: पूर्वेस मोटार. दक्षिणेस कुकर. पश्चिमेस वामकुक्षी. उत्तरेस मालिका. यात असलेल्या काष्ठ-पाषाण-निधि-निक्षेपासह दिवस वापरण्याची मुभा लिहून घेणार यांस राहील.'

मी हसलो. काका हसले नाहीत. मग मीही हसायचं थांबवलं.

पुण्यातल्या दुपारच्या झोपेवर विनोद करायचा नाही, असं ठरवून मी हे लिहायला बसलो होतो. पण करारात ती कलम ७ म्हणून असेल तर माझा इलाज नाही. 'दुपारी २ ते ४ या वेळेत मिक्सर, घरगुती गिरणी, ड्रिल अथवा तत्सम विद्युत उपकरण चालविता येणार नाही.' कलम ११: कुकरच्या शिट्ट्या सकाळी कमाल चार. 'राजमा, छोले व तत्सम कठीण कडधान्ये यांकरिता आदल्या दिवशी पूर्वसूचना देऊन दोन शिट्ट्या वाढवून घेता येतील.' कलम १४ मध्ये फोडणी होती. खाली लसणाची फोडणी पडली की वर काकूंना ठसका लागे, म्हणून खिडकी आधी उघडायची की मोहरी आधी टाकायची, याचा क्रम दिला होता.

आणि कलम ४. 'मोटार सुरू करणे ही लिहून देणार यांची व बंद करणे ही लिहून घेणार यांची जबाबदारी राहील.'

"असं का, काका?"

"विजेचं बिल माझ्या नावावर, म्हणून सुरू मी करणार. टाकी वाहू लागल्याचा आवाज तुमच्या बाथरूमच्या खिडकीत येतो, म्हणून बंद तुम्ही." यात चूक काढता येईना. टेंडरवाल्या माणसाशी वाद घालताना हा एक त्रास असतो.

माझी बायको मात्र सात वर्षं खरेदी विभागात आहे. तिनं कागद शांतपणे वाचला आणि विचारलं, "काका, दिनचर्या काय फक्त खालच्या मजल्यालाच असते?"

पोह्यांच्या तीन बशा आणि दीड तास गेला. काका पहाटे पाचला उठून ज्या गुळण्या करत, त्या तळमजल्याच्या पायापर्यंत पोचत. बायकोनं त्या टेबलावर आणल्या. तिला त्या बंदच हव्या होत्या, काकांना त्या 'आरोग्याच्या दृष्टीने अपरिहार्य' वाटत होत्या. शेवटी तडजोड होऊन कलम ९ आलं, काकांच्याच वळणदार अक्षरात: 'लिहून देणार हे रोज पहाटे ५:०० ते ५:०३ या वेळेत गुळण्या करतील.' या वाक्यातला 'रोज' आणि 'करतील' हे दोन शब्द तेव्हा आमच्यापैकी कुणालाच दिसले नाहीत.

वकील असलेल्या मेव्हण्याला मी फोनवर हे वाचून दाखवलं. तो बराच वेळ हसला आणि म्हणाला, असलं कोर्टात टिकत नाही. १९१९ चा एक इंग्लंडमधला खटला आहे, बाल्फोर नावाच्या जोडप्याचा. नवरा नोकरीला सिलोनात, आजारी बायको इंग्लंडात. दरमहा तीस पौंड पाठवीन म्हणाला आणि पुढे थांबवले. न्यायाधीश म्हणाले, घरातल्या घरात दिलेल्या शब्दांना करार म्हणायला लागलो तर कोर्टं शंभरपट वाढवावी लागतील. मी हे लगेच वर जाऊन काकांना सांगितलं.

"ते नवरा-बायको होते," काका म्हणाले. "आपण लिव्ह अँड लायसन्स." आणि त्यांनी पाचशेचा मुद्रांक कागद पुढे केला. पूर्वी शंभरात व्हायचं ते काम २०२४ पासून पाचशेवर गेलंय. खर्च उभयपक्षी निम्मा. 'सबब हा करारनामा आम्ही राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणत्याही नशापाण्याच्या अंमलाखाली नसताना लिहून ठेविला असे.' सही करताना माझा हात 'अक्कलहुशारीने'पाशी जरा अडखळला.

तिसरी सही केर-फरशीच्या मावशींची हवी होती, कारण त्या दोन्ही मजल्यांवर काम करत आणि कलम १६ प्रमाणे त्यांनी सकाळी ८:१५ ला यायचं होतं. मावशींनी कागद हातात धरला, उलटा करून पाहिला आणि परत दिला. "सकाळ म्हणजे मी येईन तेव्हा," त्या म्हणाल्या. काकांनी आवाज चढवला, तेव्हा मावशींनी सांगितलं की १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला होता त्यात त्यांच्या सासूबाई होत्या, आणि अटी लिहायच्याच असतील तर साप्ताहिक सुट्टी आणि दिवाळीचा बोनस यांपासून सुरुवात करू. कलम १६ त्याच दिवशी वगळण्यात आलं.

करार करण्याआधी आम्ही या घरात आठ दिवस राहिलो होतो. त्या आठ दिवसांत मिक्सर दुपारी लागला होता, शिट्ट्या मोजल्या नव्हत्या आणि कुणाचं काही बिघडलं नव्हतं. आता मी ऑफिसात मीटिंगमध्ये बसून शिट्ट्या मोजतो. कुणाच्या कोण जाणे. शेजारच्या बिल्डिंगमध्ये पाचवी शिट्टी झाली की माझ्या छातीत धस्स होतं. बायको पोळ्या लाटता लाटता विचारते, "तिसरी झाली की चौथी?" आणि मी खरं सांगायला घाबरतो.

मोटारीचं तर विचारूच नका. काका बरोबर सव्वासहाला खाली उतरत, जिन्याखालचं बटण दाबत आणि मागे वळूनही न पाहता वर जात. बंद करणं त्यांच्या अखत्यारीत नव्हतं. एका सोमवारी मी अंगाला साबण लावून उभा असताना खिडकीबाहेर टाकी वाहू लागली. बायको माहेरी. मी आतून ओरडलो, "काका, बटण!" काका पायरीवरच पेपर वाचत बसले होते, बटणापासून चार फुटांवर. "कलम चार!" असं त्यांनी उत्तर दिलं. त्यांच्या आवाजात खेद होता, हे मी मान्य करीन. टॉवेल सावरत, फेसासकट मी अंगणातून धावलो तेव्हा समोरच्या बंगल्यातल्या आजी तुळशीला पाणी घालत होत्या. त्यांचा आमच्याशी काहीच करार नव्हता, तरी त्यांनी मान वळवली. याला मी सभ्यता म्हणतो.

मग सांगलीहून आई आली.

आईचा उल्लेख करारात नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी अडीच वाजता तिनं शेंगदाण्याचा कूट करायला घेतला. मी घरूनच काम करत होतो. "आई, मिक्सर नको हं, दोन ते चार." "मिक्सर कशाला? त्यात तेल सुटतं," म्हणाली, आणि माळ्यावरचा लोखंडी खलबत्ता काढून जमिनीवर बसली. पहिल्या घावाला फळीवरची भांडी हलली. दहाव्या घावाला जिन्यावर पावलं वाजली.

काका दारात उभे. एका हातात करार, दुसऱ्या हातात चष्मा. "दोन ते चारच्या दरम्यान..." त्यांनी कलम ७ वाचायला सुरुवात केली. "मिक्सर, घरगुती गिरणी, ड्रिल अथवा तत्सम..." इथे ते थांबले. परत वाचलं. 'विद्युत उपकरण'. त्यांनी खलबत्त्याकडे पाहिलं, वायर कुठे दिसते का बघितलं.

"विद्युत नाही," मी हळूच म्हणालो.

"नाही," काका म्हणाले. एकाही ठेकेदारानं तीस वर्षांत पकडली नव्हती ती फट आज सापडली होती, आणि तीही त्यांच्याच हस्ताक्षरात. कागदात नाही ते नाही, या तत्त्वावर या माणसानं आयुष्य काढलं होतं. ते तसेच वळले आणि वर गेले. आई कुटत राहिली. "कोण होते रे? बसा तरी म्हणायचं," ती म्हणाली.

चार वाजता दाराखालून कागद सरकला. 'शुद्धिपत्रक क्र. १: कलम ७ मध्ये "विद्युत उपकरण" या शब्दांऐवजी "विद्युत अथवा मानवचलित उपकरण" असे वाचावे.' साडेचारला आईनं त्याच्यावरच दाण्याची चटणी ठेवून वर पाठवली. शुद्धिपत्रक क्र. २ मध्ये चटणीला कलम ७ मधून सूट मिळाली. आई परत जाईतो शुद्धिपत्रकं नऊ झाली होती आणि मूळ कराराहून जाड दिसत होती.

आठव्या महिन्यात काका-काकू महिनाभरासाठी मुलीकडे बंगळूरला गेले. निघताना किल्ल्या दिल्या, कुंड्या सांगितल्या. पहिल्या सकाळी मी सव्वासहाला जिन्याखाली उभा राहिलो आणि माझ्या लक्षात आलं की बंद करायचा अधिकार माझ्याकडे आहे, सुरू करायचा नाही.

तुम्ही म्हणाल, दाबायचं ना बटण. मीही सात महिन्यांपूर्वी तेच म्हणालो असतो. मी काकांना व्हॉट्सॲपवर विचारलं. वीस मिनिटांनी फोटो आला: वळणदार अक्षर, खाली सही, साक्षीदार म्हणून जावई. 'मोटार सुरू करण्यापुरते मर्यादित मुखत्यारपत्र, मुदत ३० दिवस.' मी मोटार सुरू केली. मग ती बंद करायला आत जाऊन आवाजाची वाट पाहिली, कारण मुखत्यार म्हणून मी बाहेर होतो आणि लिहून घेणार म्हणून आत.

दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र घर इतकं शांत होतं की आम्हा दोघांनाही पाचला जाग आली. वर काही नाही. बायको कूस बदलून म्हणाली, "आज झोपू या सातपर्यंत."

तेवढ्यात फोन वाजला. काका. मी घाबरून उचलला.

"स्पीकरवर ठेवा," काका म्हणाले. "काल प्रवासाच्या गडबडीत राहून गेलं. कलम नऊमध्ये 'रोज' लिहिलंय मी."

आणि बंगळूरहून गुळण्या सुरू झाल्या. बायकोनं उशीखालून हात काढून घड्याळ पाहिलं.

"पाच वाजून तीन झाली की सांग त्यांना," ती म्हणाली.