परवाना आहे, पण आई कुठे आहे?

महादेवी हत्तीण जुलै २०२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने नांदणीच्या मठातून जामनगरच्या वनताराला गेली, तेव्हापासून कोल्हापुरात प्राण्यांविषयीच्या फॉरवर्डचा पाऊस पडतोय. त्यातला एक आता आमच्या घरात शिरलाय. माझ्या सातवीतल्या भाचीने तो वक्तृत्व स्पर्धेसाठी तोंडपाठ केलाय. ताईला म्हटलं, यातलं बरंचसं खोटं आहे. ती म्हणाली, "अरे, सगळ्या ग्रुपवर आलंय, खोटं कसं असेल?" म्हणून हे लिहायला बसलो. महादेवीचा वाद वेगळा आहे, त्यात इथे शिरत नाही.

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं: मोठी प्राणिसंग्रहालयं आणि अॅनिमल पार्क दुर्मीळ प्राणी जंगलातून पकडून आणत नाहीत, ते तिथेच जन्मलेले असतात. आंतरराष्ट्रीय परवाना असला की प्राणी जंगलातला असूच शकत नाही. बाहेरून आणलेली पिल्लं अनाथ असतात. प्राणिसंग्रहालयं नसती तर हे प्राणी केव्हाच संपले असते. आणि भारतात पैसे मोजून प्राणी आणताच येत नाहीत.

आधी परवान्याचं बघू, कारण बाकी सगळं त्याच्यावरच उभं आहे. वन्यप्राण्यांच्या व्यापारावर सायटिस नावाच्या आंतरराष्ट्रीय कराराचं नियंत्रण असतं. त्याच्या परवान्यावर प्राण्याचं मूळ सांगणारं एक अक्षर लिहावं लागतं. जंगलातून पकडला असेल तर 'डब्ल्यू', बंदिवासात पैदास झालेला असेल तर 'सी'. सर्वांत धोक्यात असलेले प्राणी या कराराच्या परिशिष्ट एक या यादीत येतात. जंगलातून धरलेल्या अशा प्राण्याचा नफ्यासाठी व्यापार करता येत नाही, पण 'सी' लागला की नियम सैल होतात. आणि हे अक्षर लिहितं कोण? प्राणी पाठवणाऱ्या देशाचं सरकारी कार्यालय.

आता पश्चिम आफ्रिकेतल्या गिनीचं उदाहरण घ्या. २००९ ते २०११ या काळात तिथून शंभराहून जास्त चिंपांझी चीनला गेले. कागदावर 'सी'. गिनीत चिंपांझींची पैदास करणारं एकही केंद्र नव्हतं! सायटिसच्या सचिवालयाचं पथक २०११ मध्ये तिथे जाऊन आलं आणि २०१३ मध्ये गिनीचा असा सगळा व्यापार थांबवायला सांगण्यात आलं. त्याच कागदपत्रांत गोरिलांचीही निर्यात दाखवलेली होती, आणि गिनीच्या जंगलात गोरिला नाहीतच. म्हणजे परवाना होता, शिक्का होता, सही होती, फक्त प्राण्याचा जन्म खोटा होता. चिंपांझीचं पिल्लू चार-पाच वर्षं आईला पितं. आई जिवंत असताना ते तिच्या अंगावरून सुटत नाही, म्हणून पकडणारे आधी आईला मारतात, आणि मध्ये पडणाऱ्या कळपातल्या मोठ्यांनाही. हे सगळं झाल्यावर त्या पिल्लाच्या कागदावर 'सी' लिहिलं जातं आणि आमची सातवीतली मुलगी व्यासपीठावरून सांगणार की परवाना आहे म्हणजे सगळं स्वच्छ आहे. मला याचा संताप येतो.

'अनाथ' हा शब्द तर मला सर्वांत जास्त खुपतो. झिंबाब्वेच्या ह्वांगे अभयारण्यातून हत्तीची पिल्लं चीनच्या प्राणिसंग्रहालयांत गेली. २०१७ मध्ये त्या पकडीचं चित्रण बाहेर आलं. हेलिकॉप्टरमधून पिल्लाला भुलीचा बाण मारायचा, ते कोसळलं की मदतीला येणाऱ्या कळपाला हेलिकॉप्टरनेच हाकलून द्यायचं. ती पिल्लं अनाथ नव्हती, त्यांचं कुटुंब तिथेच उभं होतं. हत्ती येतात त्या चंदगडकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, पिल्लू बरोबर असलेल्या कळपाच्या वाटेला कोणी जात नाही. शेवटी २०१९ च्या जिनिव्हातल्या सायटिस बैठकीत अशा निर्यातीवर कडक मर्यादा आली.

समुद्रातही तेच. ऑगस्ट १९७० मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या पेन कोव्ह खाडीत वेगवान बोटी आणि स्फोटकं वापरून ऑर्कांचा, म्हणजे काळ्या-पांढऱ्या 'किलर व्हेल'चा, कळप कोंडला, आणि पिल्लं जाळ्याने वेगळी करून सागरी पार्कांना विकली. काही ऑर्का जाळ्यात बुडून मेले. त्यांची पोटं चिरून दगड भरले आणि मृतदेह तळाशी बुडवले. कोणाला कळू नये म्हणून! तिथून नेलेली टोकिटे पन्नासहून जास्त वर्षं मायामीच्या टाकीत राहिली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तिथेच मेली. ज्या समूहातली ती होती, त्याची एक पिढीच अशी उचलली गेली. २००५ मध्ये तो समूह अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत आला.

'तिथेच जन्मलेले' हा मुद्दा निदान कोल्हापूरकरांनी तरी पुढे पाठवू नये. आपल्या संस्थानात काळवीटाच्या शिकारीसाठी चित्ते पाळत. ते आफ्रिकेतून आणावे लागत, कारण हिंदुस्थानातले मिळेनासे झाले होते. शिकारीला चित्ता लागायचा तो आईकडून शिकार शिकलेला, म्हणजे जंगलात वाढलेला आणि मोठा झाल्यावर धरलेला. बंदिवासात ते वीत नसत. मुघलांकडे शेकड्यांनी चित्ते होते, तरी जहांगीरच्या काळात झालेल्या एकाच विणीची नोंद सापडते. म्हणून शतकानुशतकं चित्ते जंगलातूनच उचलले गेले. १९५२ मध्ये चित्ता भारतातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. शिकार आणि माळरानं मोडणं हीही कारणं होतीच, पण ही पकड त्यातून वगळता येणार नाही.

प्राणिसंग्रहालयांनी प्राणी वाचवले, यात तथ्य आहे, नाही म्हणता येणार नाही. अरबी ओरिक्स हा वाळवंटातला हरणासारखा प्राणी १९७२ मध्ये जंगलातून संपला होता. अमेरिकेतल्या फिनिक्सच्या प्राणिसंग्रहालयात १९६०च्या दशकात सुरू केलेल्या कळपामुळे तो १९८२ मध्ये ओमानच्या वाळवंटात परत गेला. आपल्याकडे ओडिशाच्या नंदनकाननने १९८० मध्ये घडियालांची पैदास करून दाखवली. पण ती कामं प्राणी परत सोडण्यासाठी होती. पार्कातल्या ऑर्कांच्या पिल्लांपासून समुद्रात पुन्हा कळप वसवल्याचं एकही उदाहरण नाही. ओरिक्सच्या पुण्याईवर टाकीतल्या खेळाची तिकिटं खपवू नयेत.

राहिला भारतातला कायदा. आपल्या वन्यजीव कायद्यात मान्यताप्राप्त प्राणिसंग्रहालयांनी आपसातच देवघेव करावी आणि त्याच कायद्याच्या अनुसूचीतल्या प्राण्यांसाठी केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची आधी परवानगी घ्यावी, असं आहे. चांगलंच आहे. पण पैसे देऊन प्राणी येतच नाहीत हे खरं नाही. भायखळ्याच्या राणीच्या बागेत २०१६ मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले, ते महापालिकेने कंत्राट देऊनच. त्यातला एक ऑक्टोबरमध्ये मेला. आणि परदेशातून येणाऱ्या प्राण्याचं मूळ आपल्या अधिकाऱ्यांनाही आधी त्या परदेशी परवान्यावरच वाचावं लागतं. तिथलं अक्षर खोटं निघालं तर आपला कडक कायदा त्या खोट्यावरच शिक्का मारतो. म्हणून भाचीच्या भाषणातलं ते परवान्याचं वाक्य मी खोडलंय आणि तिथे गिनीची गोष्ट लिहून दिलीय. ताईला ती लांबलचक वाटतेय.