दोष प्रोसिजरचा नाही, एकेक ओळ उचलण्याचा

‘डेटाबेसात फक्त डेटा ठेवा. स्टोअर्ड प्रोसिजर संथ चालतात, त्यांची चाचणी करता येत नाही, आणि त्या लिहिल्या की एकाच कंपनीच्या डेटाबेसला आपण कायमचे बांधले जातो.’ नव्या प्रोग्रामरना हा सल्ला सर्रास दिला जातो. (स्टोअर्ड प्रोसिजर म्हणजे डेटाबेसातच साठवलेला आणि तिथेच चालणारा कोड.) यातला शेवटचा मुद्दा बराचसा खरा आहे. बाकीचे पटत नाहीत.

संथपणाचे आधी पाहू. कर्सर (ओळी एकेक करून वाचण्याची सोय) उघडून लूपमध्ये एकेक ओळ वाचायची आणि प्रत्येकीवर अपडेट चालवायचे, हे संथच होणार. पण तेच लूप ॲप्लिकेशनमध्ये नेले तर आणखी बिघडते. ओळी 10,000 आणि सर्व्हरपर्यंतच्या एका फेरीला 1 मिलिसेकंद धरा. 10 सेकंद नुसते ये-जा करण्यात गेले! खरा उपाय म्हणजे बहुतेक वेळा लूपच काढून टाकणे: सगळ्या ओळी एकदम बदलणारे एकच अपडेट, त्यात अटीनुसार मूल्य ठरवणारा केस आणि कोणत्या ओळी ते नेमके सांगणारी व्हेअरची अट. ओरॅकलमध्ये लूपमधले प्रत्येक एसक्यूएल विधान पीएल/एसक्यूएल (ओरॅकलची प्रोसिजर लिहिण्याची भाषा) इंजिनाकडून एसक्यूएल इंजिनाकडे जाते. तो खर्च वाचवायलाच अनेक ओळी एकदम हाताळणारे बल्क कलेक्ट आणि फोरऑल आहेत.

मग प्रोसिजर हवी कुठे? एका खात्यातून दुसऱ्या खात्यात रक्कम वळवताना ओळ लॉक करायची (म्हणजे तोवर दुसऱ्या कोणाला ती बदलता येत नाही), शिल्लक तपासायची, दोन्हीकडे नोंद करायची आणि चूक झाली तर सगळे मागे घ्यायचे. या पायऱ्या ॲप्लिकेशनमधून एकेक करून पाठवल्या, तर प्रत्येक फेरीत लॉक अडकून राहतो आणि मागचे व्यवहार ताटकळतात. प्रोसिजरमध्ये तो लवकर सुटतो. शिवाय थेट टेबलावर लिहिण्याची परवानगी काढून फक्त प्रोसिजर चालवण्याची दिली, की वेब असो वा रात्रीचा बॅच जॉब, नियम सगळ्यांना सारखाच लागतो. मला हे सर्वांत महत्त्वाचे वाटते.

चाचणीचा आक्षेप तर टिकतच नाही. पोस्टग्रेससाठी पीजीटॅप, ओरॅकलसाठी यूटीपीएलएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हरसाठी टीएसक्यूएलटी ही चाचणीची साधने उपलब्ध आहेत. प्रोसिजरचा कोड ही साधी टेक्स्ट फाइल असते. ती गिटमध्ये (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारे साधन) ठेवायला कोणी अडवलेले नाही.

राहिला बांधिलकीचा मुद्दा. एसक्यूएल/पीएसएम हे प्रोसिजरच्या भाषेचे प्रमाण 1996 मध्ये आले आणि मायएसक्यूएल, डीबी2 त्याच्या जवळ आहेत. पण ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर आणि पोस्टग्रेस यांच्या भाषा वेगवेगळ्या आहेत, त्यामुळे स्थलांतरात बराच कोड नव्याने लिहावा लागतो. तुमचे उत्पादन अनेक डेटाबेसांवर चालायचे असेल, तर प्रोसिजर खरोखरच कमीत कमी ठेवा.