‘जोड जास्त तितकं ल्यूर भारी’ : फिरत्या मेसेजमधले नियम तपासून पाहू

गळाने मासे पकडणाऱ्यांच्या मोबाइलवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. घरच्या घरी लाकडाचं जॉइंटेड ल्यूर, म्हणजे तुकडे जोडून केलेलं माशाच्या आकाराचं खोटं आमिष, बनवायचे ‘पक्के नियम’ त्यात आहेत. जोड जितके जास्त, तितकी हालचाल खऱ्या माशासारखी. वजनासाठी लागेल ते शिसं सगळ्या तुकड्यांत सारखं वाटा, वितळवून थेट लाकडात ओता, आणि पोटाशी जितकं खाली जाईल तितकं बरं. जोड ढिले ठेवा. कोटिंगने वजन वाढतं, तेव्हा शिसं आधीच कमी धरा. आणि शेवटी, बादलीत आडवं तरंगलं की काम फत्ते.

ऐकायला सगळं पटतं. म्हणून तर पुढे ढकललं जातंय. पण एखाद्याने खरंच या नियमांनी ल्यूर बनवलं तर पंधरा दिवसांची संध्याकाळची मेहनत पाण्यात शेपटीवर उभी राहते.

आधी जोडांचं बघू. बांगडा पोहताना नीट पाहिलाय का? डोकं आणि पुढचा भाग जवळपास ताठ असतो, हलते ती शेपटीकडची बाजू. वाम मात्र अख्खी वळवळते. अमेरिकन अभ्यासक चार्ल्स ब्रेडर यांनी १९२६ मध्येच पोहण्याच्या या तऱ्हा वेगळ्या काढून त्यांना नावं दिली होती, आणि ती आजही वापरात आहेत. म्हणजे आठ जोडांचं ल्यूर खऱ्या माशासारखं चालतं हे खरं, पण तो मासा वाम असेल तर. आपल्या खाड्यांतला जिताडा, म्हणजेच गोव्यातला चोणक, ज्या बोयांवर आणि कोळंबीवर तुटून पडतो, त्यातली बोय काही अशी वळवळत जात नाही.

दुसरं असं की एका जोडाच्या ल्यूरचं कामच वेगळं आहे. दोरीला हलका झटका देऊन ढील दिली की पुढचा मोठा तुकडा एका बाजूला तोंड वळवतो, मागचा उलट दिशेला दुमडतो आणि सगळं ल्यूर त्या बाजूला घसरत जातं. पुढच्या झटक्याला दुसरीकडे. या घसरण्यासाठी लांब, न वाकणारी कूस लागते. तिचे पाच तुकडे केलेत की पाण्यावर रेलायला काही उरत नाही, शिवाय प्रत्येक फटीत पाणी घुसळतं आणि तुकडे जोडणाऱ्या प्रत्येक पिनेशी थोडी ओढ खर्ची पडते. मग हाती येते ती सरळ रेषेतली नागमोडी चाल. ती वाईट नाही. दोरी अगदी सावकाश गुंडाळताना ती उपयोगी पडते. पण तिला वरचढ म्हणायला काही आधार नाही.

बाजारातली उदाहरणंही हेच सांगतात. जपानच्या गॅन क्राफ्टचं ‘जॉइंटेड क्लॉ १७८’ हे १७८ मिमी लांबीचं ल्यूर मोठ्या बास माशांसाठी जगभर नावाजलं गेलं. त्याला जोड एकच. त्याच्या कितीतरी आधी, दुसरं महायुद्ध सुरू होण्यापूर्वीच, इंडियानातल्या गॅरेट गावची क्रीक चब कंपनी लाकडाचं जॉइंटेड पायकी विकत होती. तेही दोनच तुकड्यांचं.

आता शिसं. या मेसेजमधला सगळ्यात महागात पडणारा नियम हाच, म्हणून जरा आकडेमोड करू. समजा पुढचा तुकडा ५० मिली पाणी बाजूला सारतो आणि मागचा २५ मिली. लाकडाची घनता ०.४ (पाण्याची १) धरली तर तुकडे भरतील २० आणि १० ग्रॅम. गळ, रिंगा, जोडाची तार क्षणभर बाजूला ठेवा. गोड्या पाण्यात ल्यूर ना तरंगावं ना बुडावं असं हवं असेल तर एकूण वजन ७५ ग्रॅम लागेल, म्हणजे शिसं ४५ ग्रॅम. ते सारखं वाटलं तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेबावीस. मागचा तुकडा झाला साडेबत्तीस ग्रॅमचा, आणि पाणी उचलून धरणार फक्त पंचवीस. पुढचा झाला साडेबेचाळीसचा, त्याला आधार पन्नासचा. एक साडेसात ग्रॅमने जड, दुसरा तेवढ्यानेच हलका. एकूण हिशेब तंतोतंत जुळलेला आणि ल्यूर तोंड वर करून उभं.

वाटणी व्हायला हवी आकारमानाच्या प्रमाणात. इथे ती पुढे ३० आणि मागे १५ अशी होते. त्यातून ज्या तुकड्याला जे गळ आणि रिंगा लागणार, त्यांचं वजन वजा करायचं. भोक पाडताना लाकडाचा भुसाही निघून जातो, ३० ग्रॅम शिशाच्या जागेचा साधारण एक ग्रॅम, तेवढं शिसं जास्त धरायचं. शेपटीचा तुकडा मी किंचित हलकाच ठेवतो. थांबल्यावर ल्यूर अंमळ नाकाकडे झुकलेलं बरं, शेपूट लोंबणारं नको.

आकारमान मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर पाण्याचं भांडं ठेवा, काटा शून्यावर आणा. सील केलेला तुकडा सुईच्या टोकाने पाण्याखाली पूर्ण दाबा, तळाला वा कडेला टेकू देऊ नका. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके मिली आकारमान. दोन्ही तुकड्यांचं हे एकदा वहीत लिहून ठेवलं की शिशाचा हिशेब पाच मिनिटांचा. आणि हो, दुसऱ्याच्या ल्यूरचे ग्रॅम उतरवून घेऊ नका. सागाची घनता ०.६५ च्या घरात, पांगारा त्याच्या निम्म्याच्या आसपास. एकाच साच्याची दोन ल्यूरं वेगवेगळ्या लाकडांत केली तर शिसं दुपटीच्या फरकाने बदलू शकतं.

वितळलेलं शिसं थेट लाकडात ओतायचा सल्ला तर सोडूनच द्या. शिसं ३२७ अंशांना वितळतं. त्या उष्णतेत भोकाची कड जळते, निवताना शिसं आकसतं आणि पुढे आत खुळखुळायला लागतं. लाकडात ओल राहिली असेल तर वाफ होऊन ते अंगावर उडतं. धूर घरात भरतो तो वेगळाच. जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या हातोडीने ठोकून, भोकात बसवून, वरून एम-सील भरलं की काम होतं. नंतर हात मात्र साबणाने धुवायचे.

शिसं ‘जितकं खाली तितकं बरं’ हे अर्धं खरं आहे. पाण्याखाली सरळ राहायचं तर गुरुत्वमध्य (वजनाचा मध्य) उत्प्लावन केंद्राच्या (पाण्याची उचल जिथे लागते त्या बिंदूच्या) खाली हवाच, नाहीतर ल्यूर कुशीवर पडतं. पण हे अंतर जितकं वाढेल तितका ल्यूरचा डावी-उजवीकडे कलण्याला विरोध वाढतो. कुशीची चमक दिसते ती त्या कलण्यामुळेच. शिसं अगदी पोटाच्या कातडीला चिकटवलं की ल्यूर ताठ मानेनं, न कलता चालत येतं. शिशाचं भोक पोटातून वर, उंचीच्या एक तृतीयांशापर्यंत नेऊन बघा. तेवढ्याने कुशी दिसायला लागतात.

ढिल्या जोडाबद्दल. ज्याने हे लिहिलं त्याला म्हणायचं असावं की जोड मोकळा हवा, आणि ते बरोबर आहे. ढिला आणि मोकळा यांत फरक आहे तो दिशेचा. आडव्या हालचालीला अडथळा नको, उभ्या दिशेने मात्र खेळ जवळजवळ शून्य हवा. तपासणी सोपी. ल्यूर कुशीवर आडवं धरा, पुढचा तुकडा हातात ठेवा. मागचा स्वतःच्या वजनाने झटकन खाली पडला पाहिजे. आता ल्यूर पोहतं तसं सरळ धरा. मागचा तुकडा लोंबता कामा नये. लोंबला तर पिनेवरच्या वरच्या-खालच्या कड्या एकमेकींपासून लांब आहेत, मध्ये बारीक वॉशर टाका. पिनेसाठी सायकलचा स्पोक अनेक जण वापरतात. साधारण दोन मिमी जाडीचा असतो, छान बसतो. फक्त स्टेनलेस आहे ना ते बघा. साधा स्पोक खाडीच्या पाण्यात एका हंगामात गंजून जोड धरून बसतो.

ल्यूर किती वळेल हे मात्र ढिलेपणा ठरवत नाही, तुकड्यांच्या समोरासमोरच्या कडांचा कोन ठरवतो. पुढच्या तुकड्याला इंग्रजी ‘व्ही’सारखी खाच आणि मागच्याला टोक, असा कट जितका तिरपा तितकी दुमड मोठी. आधी कमीच तासा. नंतर तासून वाढवता येतं, लाकूड परत लावता येत नाही.

कोटिंगचा मुद्दा मला सगळ्यात गमतीचा वाटतो. वजन वाढतं हे खरं, निष्कर्ष उलटा. अराल्डाइटसारख्या इपॉक्सीची घनता सुमारे १.१ आहे. सहा ग्रॅम कोटिंग चढवलं तर ते साडेपाच मिलीच्या आसपास पाणीही बाजूला सारतं. पाण्यात वाढलेलं वजन उरलं जेमतेम अर्धा ग्रॅम. उलट सहा ग्रॅमचे पोलादी गळ पाण्यात सव्वापाच ग्रॅमने खाली ओढतात. कोटिंगच्या भीतीने शिसं सहा ग्रॅम कमी धरलं तर ल्यूर बुचासारखं वर येईल. कोटिंग खरं नुकसान करतं ते जोडात. दोन्ही कडांवर पाव-पाव मिमीचा थर चढला की फट अर्ध्या मिमीने अरुंद होते आणि आदल्या दिवशी मोकळा असलेला जोड अडखळतो. फट कापतानाच ही जागा सोडायची. आणि पहिला पातळ कोट शिसं बसवण्याआधी, भोकांच्या आतूनसुद्धा. नाहीतर लाकूड पाणी पिऊन फुगतं.

राहिली बादली. तिथली चाचणी गळ, रिंगा लावून जरूर करा. पण बादलीत ल्यूर ओढलं जात नाही, आणि त्याची चाल ठरते ती ओढल्यावर. शिवाय पुण्यातल्या नळाचं पाणी गोडं, दाभोळच्या खाडीतलं खारं. समुद्राच्या पाण्याची घनता १.०२५ च्या आसपास असते. म्हणजे वरच्या उदाहरणातल्या ७५ मिलीच्या ल्यूरला तिथे जवळपास दोन ग्रॅम जादा उचल मिळते. घरी मधोमध थांबलेलं ल्यूर तिथे वर येऊन बसतं. पावसाळ्यात तर नदीचं गोडं पाणी हलकं म्हणून वर राहतं आणि खाली खारं, त्यामुळे एकाच जागी दोन थरांत ल्यूर दोन तऱ्हेने वागू शकतं. मी खाडीसाठीचं ल्यूरही घरी गोड्या पाण्यावरच बसवतो, आणि किनाऱ्यावर दोन ग्रॅमची शिशाची तार पुढच्या गळाच्या दांडीला गुंडाळतो. गोड्या पाण्यात परत जायचं तर ती सोडायला अर्धा मिनिट लागतो.